टाटपट्टीवरची मोकळी जागा

"तोर जगह राखे हन, बइठ."

शाळेच्या फाटकात उभं राहून ती हे म्हणायची. म्हणताना उजव्या हाताचा पंजा जमिनीकडे करून हवेतच हलकेच थोपटायची, जणू समोर तागाची पट्टी अंथरलेली आहे आणि ती तिच्यावरची धूळ झटकून बसायला जागा करून देते आहे. तुझी जागा ठेवली आहे, बस. एवढंच. बरेच दिवस न आलेलं मूल फाटकाशी घुटमळत असायचं, परत जावं की आत जावं अशा विचारात. हे वाक्य ऐकलं की त्याचे खांदे खाली यायचे. मग ते धूम पळत वर्गात जायचं.

"कुठे होतास?" हा प्रश्न मी तिच्या तोंडून फाटकात कधी ऐकला नाही.

ईशान, रेवा, तुम्ही फोनवर विचारता की आजी निवृत्त झाल्यावरही सकाळी कुठे जाते. तिकडेच जाते. भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या आपल्या घरामागून जो रस्ता वस्तीकडे उतरतो, त्याच्या टोकाला एक सरकारी मिडल स्कूल आहे. सहावी, सातवी, आठवी. आयुष्यभर मी मोठ्या इंग्रजी शाळेत शिकवलं. तिथे हजेरी हा प्रश्नच नव्हता, मुलं तापातसुद्धा यायची आणि आम्हीच त्यांना घरी पाठवायचो. इथे मी आठवड्यातून काही दिवस हौसेनं इंग्रजी शिकवायला जाऊ लागले आणि पहिल्याच दिवशी पाहिलं की वर्गात जागोजागी भोकं आहेत.

खरोखरच भोकं. मुलं टाटपट्टीवर, म्हणजे तागाच्या लांब पट्ट्यांवर, ओळीनं बसत. पण एक मूल, मग हातभर मोकळी जागा, मग दोन मुलं, पुन्हा मोकळी जागा. मला शिस्तीची सवय. मी म्हटलं, "सरका रे सगळे, पुढे या."

कोणी हललं नाही. एक मुलगी उठून म्हणाली, "मिस, बडी मॅडम ने मना किया है. वो जगह राजू की है."

राजू कुठे आहे, तर मामाच्या गावी. कधी येणार, ते माहीत नाही. पण जागा राजूची.

बडी मॅडम म्हणजे तीच, शाळेची मुख्याध्यापिका. सगळी वस्ती तिला याच नावानं ओळखायची. बुटकी, भरभर चालणारी, सुती साडीचा पदर खांद्यावर पिन लावून घट्ट बसवलेला. भिलाईच्या उन्हात चेहरा पुसायला एक छोटा टॉवेल कायम हातात. माहेर गोंदियाजवळच्या तिरोड्याकडचं, शेतकरी घर. लग्न होऊन इकडे आली, नवरा प्लांटमध्ये, म्हणजे पोलाद कारखान्यात, कामगार. शाळेत ती हिंदी बोलायची, मुलांशी छत्तीसगढी, आणि मी मराठी आहे असं कळल्यावर माझ्याशी तिचं घरचं मराठी.

"बरं झालं तुम्ही आल्या, बाई," ती म्हणाली. "घरी नातवंडं मराठीत बोलतच नाईत. म्या मराठीत विचारते, ते हिंदीत सांगतात. आता इथं तरी कोनी भेटलं."

मी जागांबद्दल विचारलं. ती म्हणाली, "हे पाहा. पोट्टा दोन दिवस नाई आला. तिसऱ्या दिवशी आला तं त्याच्या जागेवर दुसराच बसून राहिला. मंग तो मांगं जाऊन भिंतीपाशी बसते. चवथ्या दिवशी येतच नाई. कावून येईन? त्याले वाटते, माह्यावाचून सगळं बरोबर चाललं आहे."

"आणि शेजारचा?"

"तो कंटाळते ना जी! बाजूले कोनी नाई, कोनाशी बोलन? मंग संध्याकाळी जाते त्याच्या घरी आन म्हनते, चल ना बे, अकेले बैठना पडता है." ती हसली. "आपल्याले जाचं कामच नाई पडत."

तसं ते पूर्ण खरं नव्हतं. जायचं काम पडायचंच, आणि ती जायची. संध्याकाळी शाळेतले दोघं-दोघं मिळून वस्तीत जात, कधी शिक्षक आणि शिपाई, कधी ती आणि मी. हातात कागद न्यायचा नाही हा तिचा दंडक. कागद पाहिला की लोकांना वाटतं काहीतरी नोंदून नेतील, रेशनकार्ड कापतील. मी एकदा गैरहजेरीच्या कारणांचा तक्ता करू या म्हटलं, रंगीत पेन्सिलींनी, कारणाप्रमाणे रंग. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"करा बाई. छान दिसन भिंतीवर," ती म्हणाली. "पन तक्त्याले पाहून पोट्टी येत असती तं म्या घरोघरी तक्तेच वाटले असते."

घरात गेल्यावर ती भलत्याच गोष्टी बोलायची. हातपंपाचं पाणी कसं येतंय, टमाटर पावर हाउस भागातल्या बाजारात स्वस्त की इथे, सुनेचं बाळंतपण कधी. चहा आला की प्यायची. मी अस्वस्थ, आपण ज्यासाठी आलो ते केव्हा काढणार? ती उठायची, चपला पायात सरकवायची, आणि उंबऱ्यावरून मागे वळून एकच वाक्य टाकायची, "काली भेजबे." उद्या पाठव. दुसऱ्या दिवशी मूल बहुतेक वेळा येई. नाही आलं तर आम्ही पुन्हा चहाला जायचो. एकदा एका घरातली बाई आम्हाला पाहून म्हणालीच, "मॅडम, तुमन बर चाय बनात-बनात मोर शक्कर सिरा गे. ले, काली ले भेजहूं." साखर संपली, उद्यापासून पाठवते.

विज्ञानाचे एक तरुण सर होते. हुशार, शिकवायचे चांगलं, पण जिभेला धार. उशिरा किंवा खूप दिवसांनी मूल आलं की दारातच म्हणायचे, "आइए, नवाब साहब! फुर्सत मिल गई?" वर्ग हसायचा. एकदा बडी मॅडमनं हे ऐकलं. वर्गात काही बोलली नाही. मधल्या सुट्टीत चहा घेताना म्हणाली, "सर, आप बच्चे को उसी दिन डाँटते हो जिस दिन वो आता है."

"तो और कब डाँटूँ, मॅडम?"

"वही तो. जिस दिन नहीं आता, उस दिन वो सुनने को यहाँ होता नहीं. तो डाँट हमेशा आनेवाले को ही पड़ती है."

त्या दिवसापासून "नवाब साहब" बंद झालं. निदान वर्गातल्या मुलांसाठी तरी.

आता तीजाचं सांगायला हवं. आपली हरतालिका असते त्याच दिवशी इथल्या बायकांचा तीजा असतो. पण इथे लग्न झालेली बाई तीजाला माहेरीच जाते, म्हातारी झाली तरी जाते. भाऊ किंवा बाप न्यायला येतो. आईबरोबर मुलं जातात. त्या आठवड्यात शाळेत आवाजच नसतो. मोठी अडचण मात्र तीजानंतरची. आई चार दिवस जास्त राहते, मामा म्हणतो आता आलात तर थांबा, आणि मुलं परत येता येता सवय मोडते.

इतर शाळा यावर चिडत. बडी मॅडमनं यावर सण काढला. तीजाला घरोघरी ठेठरी-खुरमी करतात. ठेठरी म्हणजे बेसनाची खारी कुरकुरीत कडबोळी म्हणा, आणि खुरमी गोड. सुट्टीच्या आधी ती प्रार्थनेत सांगायची, "परत आल्यावरच्या सोमवारी प्रत्येकानं मामाच्या गावची ठेठरी आणायची. सगळ्यांची एका परातीत घालू. कुणाच्या आजीची चांगली, ते मी सांगणार." मग काय, मुलंच आयांच्या मागे लागत. सोमवारच्या आत घरी चला. आजीचं नाव राखायचं होतं ना! स्वयंपाक करणाऱ्या बाई मोठी परात घासून ठेवत, आणि निकाल दर वर्षी तोच लागे, "सबो के नानी फस्ट." सगळ्यांच्याच आज्या पहिल्या. तरी मुलं दर वर्षी श्वास रोखून ऐकत.

मी पाहिलेल्या त्या वर्षी सोमवारी वर्ग जवळजवळ भरला. आठवीत मात्र पायल नावाच्या मुलीशेजारी एक जागा मोकळी राहिली. ती जागा खिलेश्वरीची.

खिलेश्वरी उंच, सावळी, दोन वेण्यांना लाल रिबिनी. इंग्रजी वाचताना बोट शब्दाखाली ठेवायची आणि बरोबर आलं की बोट उचलून माझ्याकडे पाहायची. आई हुडकोत सकाळी घरकामं करायची, बाप रसमड्याच्या एका कारखान्यात ठेक्यावर. घरी एक लहान भाऊ, नुकताच चालायला लागलेला, सगळे त्याला बाबू म्हणायचे. त्याला त्यांची आजी सांभाळत असे. तीजानंतर आजी गावी धाकट्या मुलाकडे राहिली ती राहिलीच. भाऊ खिलेश्वरीच्या कडेवर आला आणि ती घरी बसली.

आम्ही दोनदा चहा पिऊन आलो. आई म्हणायची, पाठवते. पायल रोज संध्याकाळी जायची आणि रोज सकाळी एकटीच यायची. आठवीचं वर्ष. बडी मॅडम मला म्हणाली, "सहावी-सातवीत पोट्टी घरी राहिली तं पुढच्या वर्षी वापस आनता येते. आठवीत राहिली की समजा गेली. मंग वर्ष-दोन वर्षांत तिच्या लग्नाचीच गोष्ट ऐकू येते. बाई, हे पोट्टी मले पायजे."

आणि मग जे झालं ते बडी मॅडमच्याच हातून झालं.

एका सकाळी फोन आला, आज पाहणीला साहेब येताहेत, वर्गांचे फोटो घेणार आहेत. त्या दिवसांत अशी बोलवा होती की ज्या शाळांत मुलं कमी दिसतील त्या जवळच्या मोठ्या शाळेत मिळवून टाकणार. मोठी शाळा रेल्वेलाइनच्या पलीकडे. तिकडे निम्म्या मुली गेल्याच नसत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बडी मॅडमला मी घाबरलेली कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी तिचा टॉवेल सारखा चेहऱ्यावरून फिरत होता. वर्गावर्गात जाऊन ती म्हणाली, "आज सरक के बैठो. मिल के. बीच में जगह नहीं दिखनी चाहिए."

मुलं एकमेकांकडे पाहायला लागली.

मी म्हटलं, "मॅडम, तुमचा नियम?"

"आजच्यापुरता, बाई. फोटोत भोकं दिसतीन. शाळाच नाई राहिली तं जागा कोनासाठी ठेवू?"

मुलं सरकली. साहेब आले. सज्जन गृहस्थ होते. पाण्याची टाकी पाहिली, मुलींचं स्वच्छतागृह पाहिलं, आठवीच्या वर्गात एक फोटो घेतला, अर्धा कप चहा घेतला आणि पुढच्या शाळेकडे निघून गेले. मुलं किती, जागा किती, त्यांनी मोजलंही नाही.

त्यांची गाडी वळली आणि पायल कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली. रडवेली.

"बडी मॅडम, वो आई थी."

"कोन?"

"खिलेश्वरी. साहब जब फोटो ले रहे थे. दरवाजे पर खड़ी थी. रिबन-विबन लगा के." पायलनं नाक पुसलं. "मैं उसकी जगह पे बैठी थी. उसने देखा और चली गई. मैं उठती, पर साहब सामने थे."

बडी मॅडम खुर्चीत होती. टॉवेल मांडीवर. मग इतकंच म्हणाली, "आज तिच्या मायनं बाबूले कोनापाशी तरी ठेवलं असन. पहिल्यांदा." आणि मग, "आन म्या तिची जागा भरून टाकली."

त्या संध्याकाळी आम्ही दोघी गेलो. नेहमी भेटेल त्याला हाक मारणारी बाई. लोक वाटेत "राम-राम, मॅडम" म्हणत होते आणि ती नुसती मान हलवत होती. मला वाटलं, ती मनात वाक्य जुळवते आहे. मीही जुळवत होते, आपण चांगलं समजावून सांगू, कारण सांगू, परिस्थिती सांगू.

खिलेश्वरीची आई नुकतीच कामावरून आली होती. चुलीवर भात. ती ओशाळून म्हणाली, "आज मैं पड़ोसिन कर बाबू ला छोड़ के ओला भेजे रहेंव, मॅडम. का होइस का नहीं, लहुट के आ गे. अब कहिथे, नइ जावंव." शेजारणीकडे बाळ ठेवून पाठवलं होतं. काय झालं कोण जाणे, परत आली. आता म्हणते, जाणारच नाही.

आतल्या खोलीच्या पडद्यामागे कुणीतरी उभं होतं. पडद्याखाली पाय दिसत होते, आणि त्यांच्याशेजारी आणखी दोन छोटे पाय.

"नोनी," बडी मॅडमनं हाक मारली. नोनी म्हणजे पोरी.

पडदा हलला नाही. आतून आवाज आला, "मोर जगा मा तो पायल बइठे रिहिस." माझ्या जागेवर तर पायल बसली होती.

मी बोलायला तोंड उघडलं. बडी मॅडमनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हौ," ती म्हणाली. "मैं बइठारे रहेंव. मोर गलती आय, नोनी." मी बसवलं होतं. माझी चूक.

"अई, मॅडम!" आई चुलीपासून उठलीच. शाळेची बडी मॅडम आपल्या घरात, आपल्या पोरीला असं म्हणते हे तिला सहन होईना.

"पायल के गलती नोहय," बडी मॅडम पडद्याकडे पाहत पुढे म्हणाली. "साहब अवइया रिहिस. मैं डर्रा गे रहेंव." पायलची चूक नाही. साहेब येणार होते, मी घाबरले होते.

भात रटरटत होता. मग पडद्याच्या कडेनं एक डोळा दिसला.

"तुमन घलो डर्राथव?"

तुम्हीसुद्धा घाबरता?

"अब्बड़," बडी मॅडम म्हणाली. खूप. आणि तिनं डोळे इतके मोठे केले, की पडद्यामागून फिसकन हसू आलं. आधी खिलेश्वरीचं, मग काही न समजता तिच्या भावाचं. ताई हसते म्हणून तोही हसत होता. दोघं बाहेर आली.

चहा झाला. आता उरला प्रश्न भावाचा. शेजारीण रोज ठेवून घेणार नव्हती. शाळेच्याच आवारात आंगनबाडी आहे, पण ती शाळा सुरू झाल्यावर बऱ्याच वेळानं उघडते, आणि इतक्या लहान मुलाला दिवसभर बसवून घ्यायची तिथे पद्धत नाही. मी मनातल्या मनात पाळणाघर, अर्ज, कुणाला तरी भेटणं, अशी सोय आखायला लागले. बडी मॅडम उठली, चपला पायात घातल्या, उंबऱ्यावर वळली.

"बाबू ला संग मा ले आबे."

बरोबर घेऊन ये. संपलं.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाचे सर म्हणाले, "मॅडम, स्कूल है, कोई देखेगा तो क्या बोलेगा?"

"बोलेगा कि इस स्कूल में बच्चे जल्दी भर्ती हो जाते हैं," ती म्हणाली आणि कार्यालयाच्या कोपऱ्यात चादर अंथरली.

पहिले काही दिवस गोंधळच होता. बाबूनं शिक्क्याचं पॅड चाटलं. जीभ जांभळी झाली. शिपायानं कपाटाच्या खालच्या खणाला दोरी बांधली. स्वयंपाकाच्या बाईंनी मऊ भात वेगळा काढायला सुरुवात केली, वरून म्हणायच्या, "नवा साहब आए हे, खरचा बाढ़ गे." प्रार्थनेच्या वेळी तो रडायचा. सगळ्यांनी घेऊन पाहिलं, मीही घेतलं, माझा चष्मा ओढून तो आणखी रडला. शेवटी गप्प बसला तो फक्त विज्ञानाच्या सरांच्या खांद्यावर. मग रोज राष्ट्रगीत झालं की सर एका हातात खडू आणि खांद्यावर बाबू अशा अवतारात व्हरांड्यातून चालत यायचे, आणि दारात त्याला उतरवताना अगदी हळू, कोणी ऐकू नये असं म्हणायचे, "आइए, नवाब साहब."

आंगनबाडीची दीदी पाहत होती. थोड्या दिवसांनी स्वतःच म्हणाली, मी जरा लवकर येत जाईन, त्याला माझ्याकडे द्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटतं, सरांची दया आली असावी.

खिलेश्वरी तिच्या जागेवर बसली. पायलशी आठवडाभर बोलली नाही, मग इतकं बोलायला लागली की मला दोघींना रागवावं लागलं.

आणि बातमी वस्तीत पसरायची ती पसरलीच. बडी मॅडमच्या शाळेत लहान भाऊ चालतो. सातवीतली एक मुलगी बहिणीला घेऊन आली, सहावीतली एक जण दोन वर्षांच्या चुलतभावाला. बडी मॅडम मला कार्यालय दाखवत म्हणाली, "पाहा बाई, हजेरी वाढून राहिली. पन वर्गात कमी आन माह्या टेबलाखाली जास्त."

पुढच्या उन्हाळ्यात खिलेश्वरी आठवी पास झाली आणि बडी मॅडम निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. तिनं भाषण केलं नाही. म्हणाली, मला फक्त आठवीच्या पोरींना विचारायचं आहे, नववीत कोण कोण जाणार? हात वर झाले. तिनं प्रत्येक हाताकडे नीट पाहिलं. खिलेश्वरीचा हात अर्धाच वर होता.

आता ती भिलाईत नाही. गुडघे धरले, जिने चढवेनात, मुलानं सगळं बिऱ्हाडच गोंदियाला नेलं. फोन करते कधीकधी. बोलणं सगळं मराठीतच, कारण तिथे, ती म्हणते, नातवंडं सुधारली. शाळेत नव्या मुख्याध्यापिका आहेत, चांगल्या आहेत. मी अजून जाते, पण सकाळी फाटकातून आत शिरताना तिथे कोणी उभं नसतं, आणि माझा पाय तेवढ्यापुरता अडखळतो.

तरी मला तिची आठवण येते ती या फाटकातली नाही. वेगळ्याच एका शाळेच्या फाटकातली येते. ती गोंदियाला जायच्या आधीच्या जूनमधली.

सकाळी तिचा फोन. "बाई, मोकळ्या आहात का? जरा लाइनपलीकडे जाऊ."

रेल्वेलाइनच्या पलीकडचं ते मोठं हायस्कूल. शाळा नुकती सुरू झाली होती. आम्ही ऑटोनं गेलो आणि समोरच्या गुलमोहराखाली उभ्या राहिलो. मुलींचे घोळके आत चालले होते. पायल गेली. एकटी. बडी मॅडमनं मला काही सांगितलं नव्हतं, पण मला कळलं आपण कुणासाठी आलो आहोत.

घंटा झाली. रस्ता रिकामा झाला. फाटकावरचा चौकीदार, खाकी शर्ट, जाड मिश्या, साखळी हातात घेऊन फाटकाचा एक पल्ला ओढू लागला. वस्तीतून येणाऱ्या रस्त्यावर कोणी नव्हतं.

"आली नाही," मी म्हटलं.

ती ऐकायला तिथे नव्हतीच. गुडघे दुखत असताना इतक्या भरभर रस्ता ओलांडून ती फाटकाशी पोचली होती.

"भैया, पानी मिलेगा क्या?"

"अम्मा, गेट बंद करने का टाइम है. बाजू में नल है."

"नल का नहीं चलता, बेटा. डॉक्टर ने मना किया है. घड़े का होगा ना तुम्हारे पास?" आणि ती फाटकाच्या मधोमध, बंद व्हायच्या जागीच, खांब धरून उभी राहिली. "चक्कर जैसा लग रहा है."

चौकीदारानं साखळीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग साखळी खाली ठेवून आपल्या खोलीत गेला. मी धावत पोचले, मला खरंच वाटलं तिला चक्कर आली. ती माझ्याकडे पाहतही नव्हती. तिची नजर रस्त्यावर.

"गिलास धो के देना, बेटा!" तिनं आत ओरडून सांगितलं.

आणि मग रस्त्याच्या वळणावर ती दिसली. पळत येणारी, नव्या गणवेशाची ओढणी एका हातात गोळा केलेली, दप्तर पाठीवर उडतंय, एक वेणी अर्धी सुटलेली. खांद्यावर ओला डाग, कुणाला तरी नुकतंच रडत आंगनबाडीत सोडून आल्याचा. तिला पटकन बाजूला सरकलेल्या दोन म्हाताऱ्या दिसल्याच नाहीत. अर्ध्या उघड्या फाटकातून ती तिरकी होऊन आत घुसली आणि व्हरांड्याकडे धावली. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून पायलचा आवाज आला, "इधर! इधर! जल्दी!"

बडी मॅडमनं तिला हाक मारली नाही.

चौकीदार पितळी ग्लास घेऊन आला, काठोकाठ भरलेला. "लो अम्मा. बैठ जाओ थोड़ा. किसी को छोड़ने आए थे?"

"हौ," ती म्हणाली. "पहुँच गई."

आणि सकाळीच घरून पोटभर पाणी पिऊन निघालेली ती, त्याचा मान राखायला, तो ग्लास तिथेच उभ्याउभ्या सावकाश शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. त्यानं मागे फाटक लावलं, साखळी अडकवली. ती गजांतून दुसऱ्या मजल्याकडे पाहत होती आणि हसत होती.